‘स्पिनड्रिफ्ट’मधलं ‘स्पिन’ गरगरण्याचं नाही

दर्यावेडा:
वादळी वारा लाटांच्या माथ्यावरचं पाणी कातरून पुढे उडवत नेतो, त्या उडत्या पाण्याला इंग्रजीत ‘स्पिनड्रिफ्ट’ म्हणतात. हल्ली कुठलंही पाणी उडालं की हा शब्द चिकटवतात, आणि वर ‘स्पिन म्हणजे गरगर फिरणं’ अशी व्युत्पत्तीही ठोकून देतात. दोन्ही चूक! जुनं इंग्रजी रूप ‘स्पूनड्रिफ्ट’. शिडाच्या जहाजांच्या काळात ‘स्पून’ हे क्रियापद होतं, अर्थ वारा पाठीवर घेऊन पळत सुटणं. जेवणाच्या चमच्याशी त्याचं काही नातं नाही. ईशान्य स्कॉटलंडच्या बोलीत ‘मून’चा ‘मीन’ होतो, तसाच ‘स्पून’चा ‘स्पीन’ आणि मग ‘स्पिन’ झाला असणार. विल्यम फाल्कनरच्या १७६९ सालच्या नौकानयन कोशात ‘स्पूनड्रिफ्ट’च आहे आणि अर्थही नेमका दिलाय: तुफानात लाटांवरून झाडून नेलेलं, वारा नेईल तिकडे वाफेसारखं उडणारं पाणी. वाऱ्याची दिशा हाच या शब्दाचा प्राण. खडकावर आपटून वर उसळलेल्या पाण्याला तो लावूच नये.

शब्दांकिता:
खडकाचं मान्य. पण अर्थाला व्युत्पत्तीच्या दावणीला बांधणं साफ अमान्य. स्कॉट भाषेतलं रूप १६०० च्या आसपासचं आहे, म्हणजे तुमच्या कोशाच्याही दीडशे वर्षं आधीचं. मग ते बिघडलेलं आणि ‘स्पून’ तेवढं अस्सल, असं कसं? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी लेखकांनी ‘स्पिन’वालं रूप उचललं आणि वाचणाऱ्यांना त्यात गिरकी ऐकू आली. शब्द असेच जगतात. गिर्यारोहक तर कड्यावरून वाऱ्याने उडणाऱ्या भुसभुशीत बर्फालाही स्पिनड्रिफ्ट म्हणतात. तेही चुकले का?

दर्यावेडा:
अजिबात नाही, ते माझ्याच बाजूचे. बर्फ असो वा पाणी, वाऱ्याने पुढे नेलं म्हणजे झालं.

वातकुक्कुट:
नुसतं ‘नेलं’ म्हणून भागत नाही. फेसातला बुडबुडा फुटतो तेव्हा त्याच्या पातळ पडद्याचे अगदी सूक्ष्म थेंब उडतात. मग बुडबुड्याच्या जागी उरलेल्या खळग्यातून पाण्याची बारीक धार वर उसळते आणि तिचेही तुकडे पडून थेंब होतात. हे थेंबही वाराच घेऊन जातो, अगदी साधा वारासुद्धा. त्यांना कुणी स्पिनड्रिफ्ट म्हणत नाही. स्पिनड्रिफ्टचं पाणी वाऱ्याने स्वतः लाटेच्या माथ्यावरून तोडलेलं असतं. वाऱ्याचा जोर क्रमांकांत सांगणाऱ्या ब्यूफर्ट मापनात हा शब्द ८ क्रमांकाला येतो: वारा ताशी ६२ ते ७४ किलोमीटर, लाटांच्या कडा फुटून तुषार उडू लागतात, फेसाचे ठळक पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढले जातात. अर्थात ब्रिटिश नौदल अधिकारी ब्यूफर्टने १८०५ मध्ये मोजपट्टी आखली ती जहाजाला किती शिडं पेलतील यावरून. समुद्राच्या रूपाचं वर्णन विसाव्या शतकात जोडलं गेलं. आणि माथ्यावरचं पाणी तुटायला याहून कमी वाराही पुरतो. तेव्हा ८ च्या आकड्यालाही कुणी व्याख्या समजू नये.

कोशकीटक:
एवढा खल कशाला? आपल्याकडे ‘शीकर’ आहे ना! अमरकोशात शीकर म्हणजे पाण्याचे कण, आणि कालिदासाच्या कुमारसंभवाच्या पहिल्या सर्गात भागीरथीच्या निर्झराचे सीकर (म्हणजे शीकरच) वाहून नेणारा वाराच आहे. पाणीही आलं, वाराही आला. ‘स्पिनड्रिफ्ट’च्या मराठी अनुवादात सरळ हाच शब्द घ्यावा.

शब्दांकिता:
शब्द देखणा आहे, पण इथे बसत नाही. कुमारसंभवातला तो वारा हिमालयातला, शिकारीमागे दमलेल्या किरातांना सुखावणारा. शीकर म्हटलं की मनाला गारवाच जाणवतो. स्पिनड्रिफ्टच्या माऱ्यात खलाशाला डोळे उघडे ठेवता येत नाहीत, तोंडावर खारं पाणी सपासप बसतं. वातकुक्कुट म्हणतात ते ‘तोडणं’ही शीकरात कुठेच नाही. अनुवादात मी तरी ‘वाऱ्याने कातरलेले लाटांचे तुषार’ असे चार शब्द खर्च करीन, आणि पुढे त्याच पानावर नुसतं ‘तुषार’ म्हणेन.