नगरसेवक नसले तर काय बिघडलं? बरंच बिघडलं!

गोदाकाठ

काल 'पेठेतला' यांनी इथे लिहिलं की महापालिकांच्या निवडणुका रखडल्यामुळे साडेतीन वर्षं नगरसेवक नव्हते, शहर काही बुडालं नाही, उलट फ्लेक्स कमी झाले, टक्केवारी थांबली, आयुक्त शिकलेला माणूस असतो, तेव्हा निवडणुका आणखी लांबल्या असत्या तरी चाललं असतं. खाली धडाधड अंगठे पडले. तिथेच उत्तर द्यायला बसलो, पण फारच लांबलं, म्हणून वेगळा धागा.

महापालिकेत आयुक्त प्रस्ताव ठेवतो आणि स्थायी समिती किंवा मुख्य सभा तो मंजूर करते. प्रशासक नेमला की या सगळ्या खुर्च्यांवर एकच माणूस बसतो. मुंबईचं २०२५-२६ चं बजेट ७४,४२७ कोटींचं, गोवा राज्याच्या दुपटीहून मोठं. आयुक्तांनी ते मांडलं आणि प्रशासक म्हणून स्वतःच मंजूर केलं. ना उपसूचना, ना सभात्याग. २०२३ मध्ये सुमारे सहा हजार कोटींच्या काँक्रीट रस्त्यांवरून गदारोळ झाला, तोही पत्रकार परिषदांमध्ये. प्रश्न विचारायला सभागृहच नव्हतं.

आयुक्त शिकलेला असतो, कबूल. पण त्याची बदली कोण करतं? मंत्रालय. मग तो तुमचं ऐकेल की नगरविकास खात्याचं? जुलै २०२३ मध्ये तर मुंबईत पालकमंत्र्यांनी पालिका मुख्यालयातच दालन थाटलं. निवडून आलेले २२७ जण घरी आणि मंत्री आत!

संविधानाच्या कलम २४३-यू मध्ये महापालिकेची मुदत पाच वर्षं, त्यापुढे एक दिवस नाही. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्या, हे सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये किशनसिंग तोमर प्रकरणात बजावलं होतं. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. नवी मुंबई, औरंगाबाद, कोल्हापूर तर २०२० मध्येच प्रशासकाच्या ताब्यात गेल्या. आणि आपण म्हणायचं, चाललं असतं!

पेठेतला

नागरिकशास्त्राचा तास घेतल्याबद्दल आभार, गुरुजी. आता आमच्या गल्लीत या. गल्ली एवढीशी, समोरून रिक्षा आली तर ॲक्टिवा मागे घ्यावी लागते, आणि त्यात ओळीने लोखंडी बाकडी. प्रत्येकावर 'मा. नगरसेवक अमुक यांच्या प्रयत्नातून'. पैसा माझ्या मिळकतकराचा, प्रयत्न यांचा. दर बजेटला 'स यादी'तून, म्हणजे नगरसेवकाच्या वाट्याच्या निधीतून, बाकडी, बादल्या, कापडी पिशव्या. प्रशासक आल्यापासून आमच्या गल्लीत एकही नवं बाकडं आलं नाही. मला एवढी लोकशाही पुरते.

मी_नऱ्हेकर

तुमच्या गल्लीत बाकडी तरी आली.

आमची २३ गावं जून २०२१ च्या शेवटी पुणे महापालिकेत घेतली. नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, वाघोली, मांजरी. ग्रामपंचायत बरखास्त, सरपंच घरी. म्हटलं आता नगरसेवक मिळेल, तर मार्च २०२२ मध्ये प्रशासक. म्हणजे आम्ही महापालिकेत आल्यापासून २०२५ पर्यंत आमच्या मताने निवडलेला माणूस तिथे एक दिवसही बसला नाही. कर मात्र भरायचा. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली ती याच पट्ट्यात. तेव्हा कुठे नांदेड गावच्या विहिरीच्या पाण्यावर राज्यभर चर्चा झाली. त्याआधी हे पाणी कोण पितंय, कसं शुद्ध होतंय, हे सभेत उठून विचारणारा होता का कोणी?

पेठेतला

विहीर ग्रामपंचायतीच्या काळातही तीच होती ना? तेव्हा सरपंचांनी काय दिवे लावले?

मी_नऱ्हेकर

सरपंचाच्या दारात जाऊन हांडा आपटता येत होता. तुम्ही आयुक्तांच्या बंगल्यावर हांडा घेऊन जाऊन दाखवा, मी फोटो काढायला येतो.

फाईलवाला

एका महापालिकेत बांधकाम विभागात नोकरी केली, आता निवृत्त. नाव-गाव विचारू नका, पेन्शन अजून सुरू आहे.

नगरसेवकांनी छळलं, खोटं कशाला बोलू. ठेकेदार यांचा मेहुणा, बिल यांच्या फोनवर निघायचं. पण टक्केवारी थांबली म्हणणाऱ्यांना हसू येतं. प्रशासक आल्यावर नगरसेवकाचा फोन बंद झाला आणि आमदाराच्या पीएचा सुरू झाला. एवढाच फरक. नाही, आणखी एक. आधी विरोधी नगरसेवक चहा पीत पीत फाईल चाळायचा आणि सभेत भांडायचा. त्याच्या भीतीने आम्ही टिपणी नीट लिहायचो. नंतर भीती कोणाची? सह्या पटापट व्हायला लागल्या. लोकांना वाटलं कारभार वेगवान झाला.

कार्यकर्ता_परभणी

गोदाकाठ, एक गोष्ट सोयीस्कर गाळलीत. सुप्रीम कोर्टाच्या ४ मार्च २०२१ च्या निकालाने आमचं ओबीसींचं राजकीय आरक्षण गेलं होतं. त्याशिवाय निवडणुका उरकायच्या होत्या का? तुमच्या २४३-यू साठी आम्ही पाच वर्षं बाहेर बसायचं? ज्यांना सगळं आधीच मिळालंय त्यांना मुदतीची फार घाई असते.

गोदाकाठ

जातीवर येऊ नका, मला तुम्ही ओळखत नाही. जुलै २०२२ मध्ये कोर्टाने ओबीसी आरक्षणावरचा बांठिया आयोगाचा अहवाल मान्य करून, आरक्षणासकट निवडणुका घ्या म्हणून सांगितलं होतं. पुढच्याच महिन्यात शिंदे सरकारने मुंबईचे प्रभाग २३६ वरून पुन्हा २२७ केले आणि गाडी परत कोर्टात. त्याआधी २२७ चे २३६ कोणी केले? महाविकास आघाडीने. पुण्यात आघाडीने तीन नगरसेवकांचा प्रभाग केला, शिंदे सरकारने चारचा. तुमच्या आरक्षणाआड दोघांनी आपापली गणितं मांडली, आणि तुम्ही माझ्यावर चिडताय.

कार्यकर्ता_परभणी

गणितं मांडली हे खरं. पण २०२१ मध्येच निवडणुका झाल्या असत्या तर आमच्या जागा खुल्या झाल्या असत्या, हेही तितकंच खरं. ६ मे २०२५ ला कोर्टाने बांठियाच्या आधीची स्थिती धरून निवडणुका घ्यायला सांगितलं, म्हणजे आमच्या जागा वाचल्या. थांबल्याचा फायदा झाला. पटो न पटो.

रेवा

बाकड्यांवर बोलू का? माझे वडील ८१ वर्षांचे. घरापासून दवाखान्यापर्यंत वाटेत तीन ठिकाणी टेकतात आणि तिन्ही ठिकाणी नगरसेवकाचीच बाकडी. नाव कोणाचं का असेना. ॲक्टिवा मागे घ्यावी लागते म्हणून रडणाऱ्यांनी एकदा गुडघे बदलून बघावेत.

पेठेतला

ताई, वडिलांबद्दल आदर आहे. पण आमच्या बाकड्यांवर रात्री अकरानंतर कोण बसतं आणि काय पितं, ते येऊन बघा. सकाळी बाटल्या आमची मोलकरीण उचलते.

खवचट काका

नाव पाठीच्या पट्टीवर लिहितात, तेही पत्रा कापून कोरलेलं. पाठ टेकली की 'मा.' टोचतो. माननीयांचा जनतेशी थेट संपर्क.

रेवा

बाटल्या पिणाऱ्यांना पोलिसांत द्या. बाकडं उखडून काय होणार, ते जिन्यावर बसतील.

पेठेतला

पोलीस! तुम्ही कोणत्या शहरात राहता?

ठाणे_स्लो

बाकडी राहू द्या, ॲपचं सांगा. आमच्याकडे चेंबर तुंबलं, पाणी तळमजल्याच्या मोरीतून उलटं वर यायला लागलं. ॲपवर तक्रार टाकली. दोन दिवसांनी मेसेज, 'निराकरण झाले', सोबत स्वच्छ कोरड्या चेंबरचा फोटो. मागे निळं शटर दिसतंय. आमच्या गल्लीत निळं शटरच नाही! शेवटी माजी नगरसेवकाला फोन केला. माणूस महाबिलंदर, पण रात्री लुंगीवर येऊन उभा राहिला आणि सकाळी सक्शनची गाडी आली. अधिकार नव्हता, पण पुन्हा उभं राहायचं होतं ना.

पेठेतला

म्हणजे मताच्या लालसेने आला. हेच तर मी म्हणतोय.

ठाणे_स्लो

हो! लालसेनेच आला! आयुक्तांना कसली लालसा आहे ते सांगा, म्हणजे त्यांनाही बोलावतो.

फाईलवाला

त्यांना चांगल्या पोस्टिंगची असते. तिथे तुमच्या चेंबरचा उपयोग नाही.

पेठेतला

बरं. सभागृह असावं, मानलं. निवडणुकांना ३१ जानेवारी २०२६ पर्यंत मुदत वाढवून मिळाली होती. पण पुण्यात ४१ प्रभागांत १६५ जण, म्हणजे एका प्रभागाला चार-चार माननीय, एका ठिकाणी तर पाच. चेंबर तुंबलं की चौघंही म्हणणार, तो भाग दुसऱ्याकडे. जाब नेमका कोणाला विचारायचा, हे गुरुजींनी पुढच्या तासाला सांगावं.

गोदाकाठ

चारच्या प्रभागाला माझाही विरोधच आहे, एक प्रभाग एक नगरसेवक हवा. त्यावर वेगळा धागा काढा, पाठिंबा देतो.

खवचट काका

चार माननीय म्हणजे एका गल्लीत चार बाकडी. पेठेतला, ॲक्टिवा विका.