‘सस्पेन्स’ म्हणजे रहस्य की उत्कंठा?

शब्दवेडी: एका कादंबरीचं भाषांतर करतेय. नायिका पुरातत्त्वज्ञ, उत्खननात सापडलेलं एक कोडं, कुणीतरी तिच्या मागावर, आणि ज्याच्यावर जीव जडलाय त्याच्यावरच संशय. मुखपृष्ठावर ‘रोमँटिक सस्पेन्स’. मी ‘प्रेम-रहस्यकथा’ केलं, ते मुद्रितशोधकांनी खोडलं. म्हणे, रहस्यकथेत गुन्हेगार शोधायचा असतो. इथे धोका वाचकाला आधीच दिसतो, फक्त तो कधी कोसळेल ते कळत नाही. मग काय लिहू?

पांथस्थ: ‘रहस्य’च ठेवा. संस्कृतात ‘रहस्’ म्हणजे एकांत. एकांतातलं ते रहस्य. प्रेमही त्यातच आलं, वेगळं जोडायला नको.

निरुक्त: व्युत्पत्ती गोड आहे, पण वाचक व्युत्पत्ती वाचत नाही. ‘रहस्यकथा’ म्हटलं की त्याला खून आणि गुप्तहेरच दिसतो. ‘उत्कंठा’ घ्या. मान उंचावून वाट पाहणं! आणि हा शब्द मुळात प्रेमातलाच. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या अष्टनायिकांत प्रियकराची वाट पाहणारी विरहोत्कंठिता आहे.

सरळसोट: ‘सस्पेन्स’ सगळ्यांना कळतं. दुकानात ‘उत्कंठाकथा’ मागणारा एक वाचक दाखवा.

निरुक्त: शब्द छापलाच नाही तर मागणार कोण?

खापरखुणा: जरा वेगळं. ‘उत्खनन’च्या जागी कुठे ‘खोदकाम’ लिहिलं असेल तर बदला. खोदकाम पायासाठी, नळासाठी. मी दोन हंगाम उत्खननावर होतो. खुरपीनं एकेक थर सोलायचा. जुना खड्डा लागला की माती भुसभुशीत होते, रंग बदलतो, खुरपीचा आवाजसुद्धा बदलतो. घरातल्या अखंड जमिनीखाली अंगठी मिळाली तर ती जमीन घालण्याआधीची; जमीन फोडून खड्डा गेला असेल तर नंतर कुणी पुरलेली असू शकते. अशा गोष्टीत सगळा संशय त्या एका थरावर उभा असतो.

पांथस्थ: मग तुम्ही खणता त्यालाही खड्डाच ना?

खापरखुणा: अजिबात नाही! आम्ही खणतो तो ‘चर’ किंवा ‘ट्रेंच’. ‘खड्डा’ म्हणजे त्या काळच्या माणसांनी खणलेला. पहिल्याच दिवशी ‘खड्ड्यात उतरू का?’ विचारलं तेव्हा सरांनी थांबवून हा फरक सांगितला होता.

सरळसोट: खंदक का नाही? खणणे, खंदक, एकच घराणं.

निरुक्त: घराणं लांबून एकच, पण वाट वेगळी. खंदक अरबीतून आला आणि अरबीत फारसीतून. ‘खणणे’ संस्कृत ‘खन्’पासून.

शब्दवेडी: खापरखुणा, तुमचं वाचून मूळ पान पुन्हा उघडलं. तिसऱ्या प्रकरणात नायिकेचा ज्याच्यावर जीव जडलाय तो तिला सांगतो, रात्री त्या खड्ड्यात उतरू नकोस. त्याला या विषयातलं काही कळत नाही असं तो भासवत असतो. अठराव्या प्रकरणात घाईत त्याच्या तोंडून तुमचा ‘चर’ निघतो आणि ती गप्प होते. मी दोन्हीकडे ‘खड्डा’ लिहिलाय. ती गप्प का झाली ते मला आत्ता कळतंय.

पांथस्थ: पण ‘चर’ वाचून मला शेतातला पाण्याचा चर आठवतो. तिथे ‘ट्रेंच’च बरा.

निरुक्त: आधी ‘रहस्य’साठी भांडलात, आता ‘ट्रेंच’?