बघणाऱ्यानं निवाडा करावा का? नागपूरकर क्रीडाप्रेमींचे अनुभव

ज्यानं आयुष्यात कधी पॅड बांधले नाहीत, त्यानं कर्णधाराच्या निर्णयावर बोलावं का? ज्यानं कधी संघ सांभाळला नाही, त्यानं 'प्रशिक्षकाला घरी पाठवा' म्हणावं का? आपल्या नागपुरात हा वाद पानठेल्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत चालतो, आणि 'तू खेळला आहेस का बे?' या एका प्रश्नावर तो बंद पाडला जातो. मला हे उत्तर अपुरं वाटतं, म्हणून हा धागा काढतोय. नुसती मतं नकोत. तुम्ही कुठे बसला होतात, काय पाहिलंत आणि त्यावरून काय ठरवलंत, ते लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. १५ मार्च २०१६, जामठ्याचं क्रिकेट स्टेडियम, टी-ट्वेंटी विश्वचषकातला आपला पहिला सामना. न्यूझीलंडनं साउदी आणि बोल्ट या दोन्ही मुख्य वेगवान गोलंदाजांना बाहेर ठेवल्याचं कळलं तेव्हा आमच्या रांगेत आनंदीआनंद झाला. १२६ धावाच केल्या त्यांनी. मग सँटनर, सोधी आणि नेथन मॅककलम या तीन फिरकीपटूंनी आपले नऊ गडी घेतले आणि आपण ७९ वर संपलो. तो संघ निवडणाऱ्यांनी खेळपट्टी हात लावून पाहिली होती. आम्हाला वरून ती नुसती पिवळट पट्टी दिसत होती. म्हणून माझं म्हणणं एवढंच: चाहत्यानं निवाडा जरूर करावा, पण जेवढं स्वतः नीट पाहिलं तेवढ्याचाच. आता तुम्ही लिहा.

सिव्हिल लाइन्सच्या मैदानाचा जुना प्रेक्षक

मी तुमच्याआधीच्या पिढीचा. ३१ ऑक्टोबर १९८७ ला सिव्हिल लाइन्सच्या स्टेडियमवर होतो. चेतन शर्मानं न्यूझीलंडच्या रुदरफोर्ड, स्मिथ आणि चॅटफिल्ड यांचे ओळीनं त्रिफळे उडवले, विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक. पण या धाग्यासाठी सांगण्यासारखी गोष्ट नंतरची आहे.

गटात पहिलं यायचं तर २२२ धावा ४२.२ षटकांतच करणं भाग होतं. तसं झालं असतं तर उपांत्य सामना मुंबईत. सलामीला गावसकर. १९७५ च्या विश्वचषकात साठ षटकं खेळून नाबाद ३६ करणारा हा माणूस, आणि त्या दिवशी अंगात ताप. सभोवती सगळ्यांचा सूर एकच होता, की आज खालच्या क्रमांकावर पाठवायला हवं होतं. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, रेल्वेत नोकरी, क्लब क्रिकेट भरपूर खेळलेले. दोनतीन षटकं झाल्यावर ते शांतपणे म्हणाले, "आज पाय बघा. चेंडू पडायच्या आधीच पुढे येतोय." मी धावफलक सोडून पायांकडे बघायला लागलो. थोड्याच वेळात चॅटफिल्डच्या एका षटकात लागोपाठ दोन षटकार आणि दोन चौकार बसले. ८८ चेंडूंत नाबाद १०३, एकदिवसीय क्रिकेटमधलं त्याचं एकमेव शतक. ३२.१ षटकांत सामना संपला.

त्या गृहस्थांनी कोणाला सल्ला दिला नव्हता, कोणाला नावं ठेवली नव्हती. बारा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा त्यांनी समोरच्या चेंडूवर विश्वास ठेवला, इतकंच. असा प्रेक्षक कोणत्याही निवडकर्त्याच्या शेजारी बसायच्या योग्यतेचा असतो, असं मी आजही मानतो.

स्थानिक सामन्यांत पंचगिरी करणारा

मला रोज शिव्या पडतात, तरी मी प्रेक्षकांच्या बाजूनं लिहितोय. कोणत्या जागेवरून काय दिसतं, एवढं प्रेक्षकानं समजून घ्यावं. स्क्वेअर लेगला, म्हणजे खेळपट्टीच्या आडव्या बाजूला बसलेल्या माणसाला चेंडू किती उसळला, फलंदाज किती पुढे आला, धावबादच्या वेळी बॅट रेषेत होती की नाही हे चांगलं दिसतं. कधी कधी माझ्यापेक्षाही चांगलं. पण चेंडू लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडला होता का, पायाला लागला तेव्हा यष्टीच्या रेषेत होता का, हे त्याला तिथून दिसणं शक्यच नाही. आणि सगळ्यात मोठा आरडाओरडा पायचीतवरच होतो, तोही नेमका त्याच बाजूनं.

खेळपट्टीबद्दल मात्र प्रेक्षकाची नजर खोटी ठरत नाही. २०१५ मध्ये जामठ्याला दक्षिण आफ्रिका ७९ वर बाद झाली, एकट्या दुसऱ्या दिवशी वीस गडी पडले आणि कसोटी तिसऱ्या दिवशी आटोपली. आयसीसीनं खेळपट्टी निकृष्ट ठरवली ती नंतर. स्टँडमधली माणसं आपण जिंकत असतानाही 'हे बरोबर नाही' म्हणत होती, हे मी कानांनी ऐकलंय. आपल्या संघाच्या फायद्याचं असूनही खटकणारी गोष्ट बोलून दाखवणारा चाहता मला फार महत्त्वाचा वाटतो.

जामठ्याला नेहमी जाणारी

नेहराच्या षटकाबद्दल कोणी लिहिलं नाही अजून? मग मी लिहिते.

१२ मार्च २०११, विश्वचषकात दक्षिण आफ्रिकेविरुद्धचा सामना. सचिनचं शतक, १ बाद २६७, आणि तिथून २९६ सर्वबाद. शेवटच्या षटकात दक्षिण आफ्रिकेला १३ हव्या होत्या. हरभजनचं एक षटक बाकी होतं, धोनीनं चेंडू नेहराला दिला. पीटरसननं चौकार, षटकार, दोन धावा आणि चौकार मारून दोन चेंडू राखून सामना नेला. परतीच्या वाटेवर वर्धा रोडला गाड्या मुंगीच्या पावलानं सरकत होत्या आणि प्रत्येक गाडीतून धोनीचाच उद्धार चालला होता.

माझ्या मते 'हरभजन का नाही?' हा प्रश्न रास्त होता. त्यानं त्या दिवशी तीन गडी घेतले होते, आणि तो प्रश्न चेंडू नेहराच्या हातात गेला त्या क्षणी, पहिला चौकार बसण्याआधीच, आमच्या रांगेत विचारला गेला होता. निर्णयाच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला वजन असतं. पण दुसऱ्या दिवशी ऑफिसात जे चाललं ते वेगळं होतं. नेहरा संपला, त्याला पुन्हा घेऊच नका, धोनीला कर्णधारपद झेपत नाही. तीन आठवड्यांच्या आत मोहालीत पाकिस्तानविरुद्ध उपांत्य सामन्यात त्याच नेहरानं दहा षटकांत ३३ धावा देऊन दोन गडी घेतले. तिथे बोट मोडलं आणि अंतिम सामना हुकला. एका षटकावर माणूस निकालात काढणं म्हणजे पहिल्या सरीवर पूर्ण पावसाळ्याचा अंदाज बांधणं.

रात्री जागून फुटबॉल बघणारा

मॅनेजरबद्दल बोलायचं तर आम्हा फुटबॉलवाल्यांना विचारा. मी आर्सेनल या इंग्लिश क्लबचा चाहता. आमचा मॅनेजर वेंगर जावा म्हणून इंग्लंडात चाहत्यांनी फलक धरले, मैदानावरून विमानानं घोषणा फिरवल्या. २०१८ मध्ये बावीस वर्षांनी तो गेला. आमच्या धरमपेठेतल्या मित्रमंडळातही त्याच्या नावानं ओरडा व्हायचा. पण २००६ मध्ये नवं स्टेडियम झालं, त्याचं कर्ज होतं, चांगले खेळाडू विकावे लागत होते, आणि तरी तो माणूस २०१६ पर्यंत दरवर्षी पहिल्या चारांत राहिला. खेळाडू का विकला हे गुणफलकावर दिसत नाही.

मँचेस्टर युनायटेडच्या फर्ग्युसनचं तर सर्वांना माहीत आहे. १९८६ ला आला, १९८९ च्या अखेरीस त्याच्याच मैदानावर 'आता पुरे' अशा अर्थाचा फलक झळकला, आणि १९९० ला त्यानं एफए कप जिंकला. लेस्टरनं २०१५ मध्ये रानिएरीला नेमलं तेव्हा लिनेकरसारख्या खेळलेल्या माणसानंही जाहीर आश्चर्य व्यक्त केलं होतं. पुढच्या वर्षी लेस्टर प्रीमियर लीगचा विजेता! म्हणजे खेळलेला माणूसही चुकतोच. 'तू खेळला आहेस का' हा प्रश्न मला म्हणूनच मान्य नाही.

आम्हाला नव्वद मिनिटं दिसतात. आठवडाभराचा सराव, कोणाचा स्नायू दुखावलाय, कोण कोणाशी बोलत नाही, यातलं काही दिसत नाही. मॅनेजरचं बहुतेक काम तिथेच असतं. खेळाडू धावला की नाही, हे मात्र मला टीव्हीवरूनही कळतं आणि त्यावर मी बोलणारच. कामठीच्या मैदानावर म्हातारी माणसं काठावर उभी राहून खेळ बघतात. चेंडूकडे कमी, चेंडू नसलेल्या खेळाडूकडे जास्त. मी बघायला तिथेच शिकलो.

झेल सुटलेला

छोटंच लिहितो. दिव्यांच्या उजेडात उंच उडालेला चेंडू वर जाताना दिसतो, मधे क्षणभर हरवतो आणि मग एकदम मोठा होऊन अंगावर येतो. २०२२ च्या आशिया चषकात अर्शदीपकडून पाकिस्तानविरुद्ध झेल सुटला आणि लोकांनी त्याच्या देशप्रेमावर बोट ठेवलं. २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात त्यानं १७ बळी घेतले. नसते घेतले, तरी त्याला जे बोललं गेलं ते चूकच होतं. झेल सुटला म्हणा, तो हक्क आहे. माणसाच्या जातीधर्मावर, घरच्यांवर जाणाऱ्याला मी क्रीडाप्रेमी म्हणत नाही.

बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलीची आई

क्रिकेटवाल्यांनो, आमच्याकडे हा प्रश्न फार तीव्र झालाय. थेट प्रक्षेपणात पटाच्या बाजूला एक पट्टी असते. संगणक प्रत्येक चालीला ठरवतो, कोण किती पुढे आहे. चाल झाली की क्षणात पट्टी खाली येते आणि ज्याला किल्लेकोट धड करता येत नाही तोही लिहितो, 'काय घोडचूक केली!'

जुलै २०२५ मध्ये आपली दिव्या देशमुख बातुमीला महिला विश्वचषकाची अंतिम फेरी खेळत होती, समोर कोनेरू हम्पी. दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, निकाल जलद डावांत लागला. नागपुरात आम्ही सगळे श्वास रोखून बघत होतो. माझ्या मोबाइलवर नातेवाइकांचे संदेश येत होते: 'ही सरळ जिंकत होती, का नाही खेळली?' अहो, तिला पट्टी दिसत नव्हती! तिच्यासमोर पट होता, घड्याळ होतं आणि भारताची सगळ्यात अनुभवी महिला ग्रँडमास्टर होती. १९ वर्षांच्या मुलीनं ते पेललं, विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयानं ती ग्रँडमास्टर झाली.

माझी मुलगी स्पर्धेत खेळते तेव्हा आम्हा पालकांना सभागृहाबाहेर थांबवतात. दार उघडलं की लांबून फक्त पाठ दिसते. पण पाठीवरूनही मला कळतं. ताठ बसली असेल तर डाव बरा आहे. दोन्ही हात कानांवर असतील तर घड्याळ संपत आलंय. चाल योग्य होती का, हे मी सांगू शकत नाही. लढली का, हे सांगू शकते. बाहेर आल्यावर मी तेवढंच बोलते, आणि चालीबद्दल तिच्या सरांनाच बोलू देते. संगणक बंद करून, घड्याळ लावून ती स्थिती दहा मिनिटं स्वतः खेळून बघा आणि मग लिहा, असं मी नातेवाइकांना आता सांगते. काहींनी खरंच खेळून पाहिली. त्यांच्या संदेशांचा सूर बदललाय.

रणजीचा प्रेक्षक

राजेहो, या सगळ्यात आपल्या विदर्भाचं नाव कसं नाही?

आपला सलामीवीर फैज फझलला २०१६ मध्ये झिम्बाब्वेत एक एकदिवसीय सामना मिळाला. नाबाद ५५ केल्या. पुन्हा कधी बोलावलं नाही. पुढच्या वर्षीच्या मोसमात त्यानं रणजीत ९१२ धावा काढल्या आणि कर्णधार म्हणून विदर्भाला पहिला करंडक जिंकून दिला. इंदूरला दिल्लीविरुद्ध गुरबानीची हॅटट्रिक, यष्टिरक्षक वाडकरच्या १३३. देशभरच्या जाणकारांना धक्का बसला. ज्यांनी आधीची वर्षं जामठ्याच्या रिकाम्या स्टँडमध्ये उन्हात काढली होती, त्यांना तेवढा बसला नाही. चंद्रकांत पंडित प्रशिक्षक म्हणून आल्यापासून सरावात काय बदललंय, वसीम जाफर तरुण पोरांशी स्लिपमध्ये उभं राहून किती बोलतो, हे ते बघत होते. फैजला आणखी संधी मिळायला हवी होती, हे माझं मत आहे, आणि ते मी कोणत्याही निवडकर्त्यासमोर मांडीन, कारण ते मी बघून बनवलंय.

२०२५ च्या अंतिम सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावात ३७ धावांची आघाडी मिळाल्यावर विदर्भ शेवटच्या दिवशीही फलंदाजी करत राहिला. बाहेरचे म्हणाले, डाव सोडत का नाही, कंटाळवाणं खेळताय. अनिर्णित सामन्यात पहिल्या डावाच्या आघाडीवर करंडक मिळतो, मग डाव सोडून केरळला संधी का द्यायची? दानिश मालेवारच्या १५३, करुण नायरच्या ८६ आणि १३५, हर्ष दुबेचे मोसमात विक्रमी ६९ बळी. हे सगळं कमावून झाल्यावर कोणाच्या करमणुकीसाठी जोखीम घ्यायची नसते. करुणचं तर काय सांगावं. चेन्नईत कसोटीत नाबाद ३०३ केलेला माणूस विस्मरणात गेला होता. विदर्भाकडून धावांचा डोंगर रचला तेव्हा कुठे २०२५ मध्ये इंग्लंड दौऱ्यावर परत गेला. ते डाव पाहायला जामठ्याला किती जण होते? दौऱ्यावर अपेक्षेइतक्या धावा झाल्या नाहीत तेव्हा बोलणारे मात्र भरपूर निघाले.

सोळा वर्षांखालच्या मुलाचा बाप

पंच दादांना एक विचारायचं आहे. निवड चाचणीत आमच्या मुलाला नेटमध्ये मोजके चेंडू मिळाले, त्यातले अर्धे वाइड. यादीत नाव आलं नाही. निवडकर्ते स्वतः खेळलेले होते, त्यांच्या पात्रतेवर माझा आक्षेप नाही. पण पाहायला वेळच नसेल तर पात्रतेचा उपयोग काय? मी मुलाचे पूर्ण मोसमाचे सामने काठावर बसून पाहिलेत, पण बाप म्हटल्यावर माझं कोण ऐकणार. चाचणीला बसणाऱ्यांपैकी कोणी इथे वाचत असेल तर एका मुलासाठी किती वेळ असतो, शाळेच्या आणि क्लबच्या सामन्यांची स्कोअरशीट तुमच्यापुढे ठेवतात का, हे कृपया लिहा.