चर्चा: कौटुंबिक प्रार्थनेला मुलांनी बसलंच पाहिजे का?

ओसरी

संध्याकाळची कौटुंबिक प्रार्थना आणि रविवारची उपासना मुलांना सक्तीची असावी का, हा प्रश्न ख्रिस्ती घरांत रोज निघतो आणि "चल, डोळे मीट" एवढ्यावर रोज संपतो. इथे तो नीट मांडायचा आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोपं.

लहान मुलांबद्दल माझं काही म्हणणं नाही. पाच वर्षांच्या मुलाला "प्रार्थनेला बसतोस का रे?" असं विचारणं हा पोरखेळ झाला. पण बारा-तेराच्या पुढे मुलाला "आज मी बसणार नाही" असं म्हणता आलं पाहिजे, आणि त्यावर अबोला, टोमणे, मोबाईल जप्ती, पाळकसाहेबांकडे तक्रार यातलं काहीही होता कामा नये. सक्तीने हजेरी मिळते. जो मुलगा रोज डोळे मिटून उद्याच्या सामन्याचा विचार करतो, तो देवापुढे सोंग कसं आणायचं तेवढं शिकतो. शिकवणारे आपणच.

वचनाचा आधार विचाराल तर बायबलातल्या अनुवाद या पुस्तकाचा सहावा अध्याय. घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी या गोष्टी बोलत जा, हे सातवं वचन सगळ्यांना पाठ असतं. त्याच अध्यायाच्या विसाव्या वचनापर्यंत फारसं कोणी जात नाही. पुढे तुझा मुलगा विचारेल की या विधींचा अर्थ काय, तेव्हा त्याला सांग, आम्ही मिसरात, म्हणजे इजिप्तमध्ये, दास होतो. मूल विचारणार हे तिथे धरूनच चाललेत. आणि उत्तर "मी सांगतो म्हणून" असं नाही, आपल्यावर काय गुदरलं ते सांगायचं आहे. निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातून सुटकेच्या सणाच्या वेळी हेच, यहोशवाच्या ४थ्या अध्यायात यार्देन नदीतून उचललेल्या दगडांबाबत हेच. ज्या घरात प्रश्न विचारायची सोय नाही, तिथे ही गोष्ट सांगायची वेळच येत नाही.

सरळरेघ

प्रचंड असहमत.

ताई, मुलगा तेराव्या वर्षी गणित नको म्हणाला तर तुम्ही शाळेतून नाव काढता का? शाळा सक्तीची, क्लास सक्तीचा, दात घासणं सक्तीचं, देव तेवढा मर्जीवर! घरात जे ऐच्छिक ते बिनमहत्त्वाचं, हे मुलांना कोणी समजावून सांगावं लागत नाही.

मनाला येईल तेव्हा प्रार्थना करायची असती तर मी स्वतः वर्षातून चारदा केली असती. थकलेला असतो, चिडलेला असतो, तरी बसतो. मुलांनीही तसंच बसावं. पाठ असलेलं २३वं स्तोत्र अशा दिवशी उपयोगी पडतं, जेव्हा स्वतःचे शब्द सुचत नाहीत. पण ते आधी पाठ असावं लागतं.

आता कोणीतरी लूकच्या शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय काढेल, की बारा वर्षांचा येशू आईबापांना न सांगता मंदिरात थांबला आणि गुरुजनांना प्रश्न विचारत बसला. काढा. पण ५१व्या वचनापर्यंत वाचा. तो त्यांच्याबरोबर नासरेथला गेला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला.

आणि बायबलातल्या एली याजकाला विसरू नका. मुलं वाईट वागत होती हे त्याला ठाऊक होतं, त्याने आवरलं नाही, आणि १ शमुवेल ३ मध्ये देव त्याला त्याबद्दलच जबाबदार धरतो. "मुलाची मर्जी" हे उत्तर तिथे चाललं नाही.

संशयी थोमा

मी विश्वासी नाही, बायको आहे. मुलं तिच्याबरोबर चर्चला जातात, मी जात नाही आणि अडवतही नाही. त्यामुळे जरा बाहेरून बोलतो, राग मानू नका.

संयुक्त राष्ट्रांचा १९८९ चा बालहक्क करार आहे, त्याचं १४वं कलम नेमकं यावरच आहे. विचार, विवेक आणि धर्म यांचं स्वातंत्र्य मुलालाही आहे. मार्गदर्शनाचा हक्क आणि कर्तव्य आईवडिलांचं, पण मुलाची समज जशी वाढेल तसं ते द्यायचं. सरळरेघ, तुमच्याकडे मार्गदर्शन आहे, वाढत्या समजेला जागा नाही.

पण ओसरीताई, तुमची "ऐच्छिक" प्रार्थनाही मला फारशी पटत नाही. आमच्या मुलीला "तुझी मर्जी गं" असं सांगितलं जातं, आणि ती नको म्हणाली की आजीचा चेहरा पडतो तो दोन दिवस. त्यापेक्षा सरळ हुकूम बरा. निदान त्याच्याशी भांडता येतं.

आणखी एक. मुलांना नरकाची भीती घालण्याबद्दल इथल्या लोकांचं काय मत आहे? आमच्याकडे खरी भांडणं त्यावरून होतात.

उंबरठा

कॅथलिक बाप बोलतो आहे. तुम्हा दोघांचा वाद ऐकून वाटतं की विश्वास म्हणजे एका माणसाने एका दिवशी घेतलेला निर्णय. आमच्याकडे बाळाला बाप्तिस्मा देतात तो त्याला काही कळतं म्हणून नव्हे. ते आपल्यातलं आहे म्हणून. कळणं मागून येतं. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये प्रथम ख्रिस्तशरीर, म्हणजे उपासनेतली पवित्र भाकर, स्वीकारण्याचं वय साधारण सातवर आणलं, तेव्हाही अट एवढीच होती की साधी भाकर आणि ही भाकर यातला फरक मुलाला आपल्या वयाप्रमाणे कळावा. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्ये कुटुंबाला घरातली ख्रिस्तसभाच, म्हणजे घरातलं चर्चच, म्हटलं. तिथे आईबाप हेच विश्वासाचे पहिले शिक्षक. मग "बसू का नको" हा प्रश्न मला जरा परका वाटतो. घरातला माणूस घरात बसतो.

थोमा, नरकाबद्दल. चौथ्या शतकातला योहान क्रिसोस्तोम, जो पुढे कॉन्स्टँटिनोपलचा बिशप झाला, त्याने मुलांना कसं वाढवावं यावर सविस्तर लिहून ठेवलं आहे. रात्री जेवताना बापाने गोष्ट सांगावी, पहिली काईन आणि हाबेलची. सोप्या भाषेत, रंगवून. मग दुसऱ्या एखाद्या संध्याकाळी मुलाला म्हणावं, आता तू सांग. तीच गोष्ट कधीतरी चर्चमध्ये वाचली जाते आणि मूल उडी मारतं, कारण इतरांना माहीत नसलेलं त्याला माहीत असतं. जलप्रलय, सदोम वगैरे आठ-दहाच्या सुमाराला चालेल, पण नरकाचं बोलणं पंधराच्या पुढे, असा त्याचा सल्ला आहे. सोळाशे वर्षांपूर्वीचा माणूस, आणि तोही कडक म्हणून नावाजलेला. आपल्याकडे पाच वर्षांच्या पोरांना नरकातलं अग्नीचं सरोवर चित्रासकट दाखवतात.

सरळरेघ

पंधरापर्यंत नरक नाही, मग पाप कधी शिकवायचं?

उंबरठा

काईनने भावाला मारलं, ते काय होतं?

फळा-खडू

बरीच वर्षं संडे स्कूलला शिकवते आहे, म्हणून लिहिते. मला आठवड्यातून एक तास मिळतो. त्यात हजेरी, गाणं, कोणाचं तरी रडणं आणि उरलेल्या वेळात वचन. पालक फाटकाशी मुलाला सोडतात आणि म्हणतात, "टीचर, याला जरा देवाचं शिकवा." अहो, तुमच्याकडे उरलेले १६७ तास आहेत!

अवांतर, पण सांगायला हवं. रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला रविवारची शाळा चालू केली ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब पोरांसाठी, त्यांना वाचायला शिकवायला. ख्रिस्ती घराचं काम कोणी परस्पर करून द्यावं, हा त्यामागचा हेतू नव्हता.

माझ्या वर्गातल्या मुलांना उत्तरं येतात. इतकी येतात की मी काहीही विचारलं तरी हात वर होतो आणि उत्तर येतं, "येशू". मी एकदा विचारलं, नोहाच्या तारवातून आधी कोण उडालं? "येशू." अशी मुलं सक्तीच्या घरांतून येतात तशी सवलतीच्या घरांतूनही येतात. त्यामुळे मला तुमचा वाद चुकीच्या जागी चाललेला वाटतो. घरी कोणीतरी मोठं माणूस स्वतःहून पवित्र शास्त्र उघडतं का? व्हर्न बेंगटसन या समाजशास्त्रज्ञाने १९७० पासून दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कुटुंबांच्या काही पिढ्यांचा पाठपुरावा केला. विश्वास पुढच्या पिढीत उतरतो का, हे पाहताना त्यांना आईबापांशी असलेल्या जवळिकीचा, विशेषतः बापाशी असलेल्या मायेच्या नात्याचा, मोठा वाटा दिसला. बाप धार्मिक आहे पण अंतर ठेवून आहे, तिथे धर्म पोचत नाही. आमच्याकडे पालकसभेला बाप किती येतात ते विचारू नका.

निमूट

मी इथे बहुधा सगळ्यात लहान, वीस वर्षांची. सतराव्या वर्षापर्यंत रोज बसवलं मला. आता चर्चला जात नाही.

पण खरं सांगू का, बसण्याचा राग नव्हता. त्या पंधरा मिनिटांत घरातले सगळे एका जागी असायचे, ते आवडायचंही. राग यायचा तो बाबांच्या प्रार्थनेचा. "हे प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, उलट उत्तरं देण्याच्या सवयीपासून सोडव, आणि मैत्रिणी निवडताना विवेक दे." मला तोंडावर बोलायचं ते देवाला सांगायचे, आणि मी "आमेन" म्हणायचं! त्याला उलट उत्तरसुद्धा देता येत नाही, कारण प्रार्थना चालू असते.

डायनोसोरबद्दल विचारलं होतं मी, आठवीत. "असले प्रश्न सैतान घालतो." त्यानंतर विचारणं बंद केलं. घरच्यांना वाटलं, पोरगी विश्वासात स्थिर झाली.

सरळरेघ

निमूट बेटा, प्रार्थनेतून मुलांना टोमणे मारणं हा देवाचं नाव व्यर्थ घेण्याचाच प्रकार आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. बायबलातल्या इफिसकरांस पत्रात (६:४) बापांना नेमकं हेच बजावलं आहे, मुलांना चिडवू नका. पण त्याच वाक्याचा उरलेला अर्धा भाग आहे, प्रभूच्या शिस्तीत त्यांना वाढवा. पहिला भाग मोडणारे बाप आहेत म्हणून दुसरा सोडायचा का?

सुझाना वेस्लीचं उदाहरण घ्या. एकोणीस बाळंतपणं, दहा मुलं जगली, आणि घर कसं, तर घड्याळावर. मुलाची हट्टी इच्छा लवकर मोडली पाहिजे, असं तिने स्वच्छ लिहून ठेवलं आहे. त्या घरातून मेथडिस्ट चळवळ उभी करणारे जॉन आणि चार्ल्स निघाले.

ओसरी

सुझानाबाईंचं अर्धंच सांगितलंत. त्या प्रत्येक मुलाला आठवड्यातली एक संध्याकाळ द्यायच्या, एकट्याला. जॉनचा वार गुरुवार होता. मोठा होऊन विद्यापीठात शिकवायला लागल्यावरही तो आईला लिहितो की त्या गुरुवारातला थोडा वेळ मला अजून देत जा. इच्छा मोडल्याबद्दल आभाराचं पत्र त्याने लिहिल्याचं मला माहीत नाही.

आणि सक्तीचंच म्हणाल तर तुमचा पक्ष धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने माझ्यापेक्षा जास्त चांगला मांडला आहे. १५२९ ची लहान प्रश्नोत्तरी, म्हणजे विश्वासाचे प्रश्न-उत्तरांतले धडे, त्यांनी घरच्या कर्त्या माणसासाठी लिहिली, रोज घरात शिकवायला. प्रस्तावनेत म्हणतात, जे शिकायला नकार देतील त्यांना आईबापांनी खायला-प्यायला देऊ नये! आणि त्याच ठिकाणी म्हणतात, कोणालाही विश्वास ठेवायला भाग पाडता येत नाही आणि पाडूही नये. हे दोन्ही एकाच प्रस्तावनेत कसं मावतं, हे मला अजून उमगलेलं नाही. तुम्ही पहिलं घ्या, मी दुसरं घेते.

एलीचं उत्तर द्यायचं राहिलं. त्याच पुस्तकात पाच अध्याय पुढे संदेष्टा शमुवेल याचे मुलगे लाच घेताना सापडतात. शमुवेलाला कोणी ढिला म्हणणार नाही.

संत ऑगस्टीनची आई मोनिका, तिची गोष्टही तीच. मुलगा ऑगस्टीन मानीच्या पंथात, म्हणजे ख्रिस्ती विश्वासापासून दूर, गेला, तेव्हा तिने एका बिशपकडे हट्ट धरला की तुम्ही त्याच्याशी वाद घालून त्याला परत आणा. त्याने नकार दिला. म्हणाला, त्याला राहू दे तिथे, तू फक्त प्रार्थना कर, वाचता वाचता त्याचं त्यालाच कळेल. पुढे ३८७ च्या ईस्टरला मिलानमध्ये बाप्तिस्मा झाला, तेव्हा ऑगस्टीन बत्तीस वर्षांचा होता.

सरळरेघ

मोनिकाने राहू कुठे दिलं? समुद्र ओलांडून मिलानपर्यंत त्याच्या मागे गेली ती!

फळा-खडू

हा मुद्दा मात्र सरळरेघ यांचा.

निमूट, डायनोसोरच्या प्रश्नाला माझ्याकडेही तयार उत्तर नाही. पण माझ्या वर्गात तो विचारला असतास तर आपण बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचले असते. दोन्हींत सृष्टी घडण्याचा क्रम वेगळा आहे, हे मुलांनाच सापडतं, आणि मग तासभर कोणी घड्याळाकडे बघत नाही.

निमूट

हे मला कोणीच दाखवलं नाही. आता वाचते.

संशयी थोमा

मला एक व्यवहारातलं सांगा, ओसरीताई. मुलगा म्हणाला आज बसत नाही. पुढे काय? तो त्या वेळात करतो काय?

ओसरी

आमच्याकडे असं ठरलंय. तो घरातच राहतो, बाहेर खेळायला जायचं नाही. टीव्ही-मोबाईल नाही, कारण आवाज होतो. वाचत बसला तरी चालेल. आम्ही मोठ्याने प्रार्थना करतो, त्याचं नाव इतरांसारखंच घेतो, जास्त नाही, कमी नाही. नंतर "का नाही बसलास?" असं विचारायचं नाही. त्याने आपणहून काढलं तर मात्र मी हातातलं काम टाकून ऐकते.

सरळरेघ

म्हणजे घरातच थांबायचं, मोबाईल नाही, आवाज नाही, आणि प्रार्थना कानावर पडते. आमच्याकडे यालाच प्रार्थनेला बसणं म्हणतात, ताई.