बॉटविनिक–पोर्टिश, मोंटे कार्लो १९६८: घोडा बी८ला परत नेण्यात चुकलं काय?

अडीचघर:
इंग्लिश ओपनिंगचा (सी४ने सुरुवात) हा बुद्धिबळाचा डाव पटावर मांडलाय; पांढरा बॉटविनिक, काळा पोर्टिश. (व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा, रा राजा, नुसतं घर म्हणजे प्यादं; × मारणं, + शह; कंसात मोहरं कुठून आलं ते.) १. सी४ ई५ २. घो सी३ घो एफ६ ३. जी३ डी५ ४. सी×डी५ घो×डी५ ५. उं जी२ उं ई६ ६. घो एफ३ घो सी६ ७. किल्लेकोट घो बी६ ८. डी३ उं ई७ ९. ए३ ए५ १०. उं ई३ किल्लेकोट ११. घो ए४ घो×ए४ १२. व×ए४ उं डी५ १३. ह(एफ) सी१ ह ई८ १४. ह सी२ उं एफ८ १५. ह(ए) सी१ घो बी८ १६. ह×सी७ उं सी६. इथे पांढऱ्याचा वजीर आणि हत्ती दोन्ही एकदम धरलेत, तरी काळा हरतो कसा? आणि १८. ह×एफ७ला राजाने हत्ती का मारला नाही?

तिरकाउंट:
वजिरावर मारा एकट्या सी६च्या उंटाचा. तोच उडवायचा: १७. ह(सी१)×सी६ बी×सी६ १८. ह×एफ७.
राजाने मारलं तर १९. व सी४+. राजा ई७ किंवा एफ६ला गेला की उं जी५+, वजीर गेला. १९...रा जी६ २०. व जी४+ रा एफ७ २१. घो जी५+ रा जी८ २२. व सी४+ व डी५ २३. उं×डी५+ सी×डी५ २४. व×डी५+ रा एच८ २५. घो एफ७+ रा जी८ २६. घो एच६ (दुहेरी शह, म्हणून जी७च्या प्याद्याला घोडा मारता येत नाही) रा एच८ २७. व जी८ मात. हत्ती मदतीला येऊ शकत नाही, मध्ये स्वतःचाच एफ८चा उंट.
म्हणून पोर्टिशने १८...एच६ केलं. पुढे १९. ह बी७ व सी८ २०. व सी४+ रा एच८ २१. घो एच४! दुसरा हत्तीही देऊन टाकला. २६. उं×एच६+ला काळ्याने डाव सोडला.

काळंघर:
ओळी बरोबर, पण सगळं खापर १५व्या खेळीवर नको. एफ७ कोण राखत होतं बघा: एफ८चा हत्ती १३व्या खेळीला ई८ला गेला, डी५चा उंट १६व्या खेळीला सी६ला. उरला राजा. शिवाय घोडा बी८ला नेल्याने सी फाइलचं (सी१ ते सी८ या उभ्या पट्टीचं) बूच निघालं. सी७वर दोन हत्ती, राखायला फक्त वजीर.

अडीचघर:
एफ७चं लक्षातच आलं नव्हतं. ५व्या खेळीला काळ्याला उं ई६च्या आधी घो सी६ चालतं का?

काळंघर:
डी५चा घोडा फुकट जातो. डी५वर सी३चा घोडा आणि जी२चा उंट असे दोन मारे, राखण फक्त वजिराची: ६. घो×डी५, आणि वजिराने परत मारलं तर उंट वजीरच खातो. आधी घो बी६, उं ई६ किंवा घो×सी३, मगच दुसरा घोडा.