हवानाच्या महागाईचं खापर खासगी दुकानांवर का?

धागाकर्ता: क्यूबात खासगी दुकानं आली आणि समाजवादाची वाट लागली, असा सूर हल्ली वारंवार ऐकू येतो. मला तो पटत नाही. १९६२ पासून तिथं घरोघरी लिब्रेता म्हणजे रेशनकार्ड आहे, पण रेशनच्या दुकानात मालच नसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये रेशनचा रोजचा पाव ८० ग्रॅमचा ६० ग्रॅम झाला. त्याच वर्षी लहान मुलांच्या दूध पावडरीसाठी सरकारनं जागतिक अन्न कार्यक्रमाकडे मदत मागितली. २०२१ मध्ये शंभरपर्यंत कामगारांच्या खासगी कंपन्यांना परवानगी मिळाली, म्हणून आज घरांच्या ओसरीवर तेल, तांदूळ, चिकन दिसतं तरी.

प्रतिसाद १: दिसतं, पण घेतं कोण? २०२१ ला किमान पेन्शन १,५२८ पेसो ठरली. २०२४ मध्ये तीस अंड्यांचा ट्रे त्याहून महाग होता. ज्यांची मुलं अमेरिकेतल्या मायामीहून डॉलर धाडतात, त्यांची चूल नीट पेटते. आयुष्यभर शाळेत शिकवलेल्या बाईंनी काय करायचं? रांगेत उभं राहून सिगारेटी विकायच्या? म्हातारी माणसं तिथं हेच करताहेत.

धागाकर्ता: त्या बाईंबद्दल दुमत नाहीच. पण भाव कोण चढवतं? जानेवारी २०२१ मध्ये दोन चलनांचं एक केलं, डॉलर २४ पेसोंना ठरवला, आणि त्या भावात तो खासगी दुकानदाराला मिळेना. २०२४ मध्ये तो काळ्या बाजारातून तीनशे पेसोंच्या वर मोजून डॉलर घेत होता. जुलै २०२४ मध्ये चिकन, तेल वगैरे सहा वस्तूंना कमाल किमती लावल्या, त्यानं डॉलर काही स्वस्त झाला नाही.

प्रतिसाद २: अमेरिकेचे निर्बंध दोघांच्याही बोलण्यात नाहीत! व्हेनेझुएलाहून येणारं खनिज तेल घटलं, कोविडनंतर पर्यटक पूर्वीइतके परतले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये मातान्सासचं वीजकेंद्र बंद पडलं आणि अख्खं बेट अंधारात गेलं. फ्रिजमधलं मांस नासलं ते सगळ्यांचंच.

प्रतिसाद १: निर्बंध क्रूर आहेत, मान्य. पण हवानाच्या वेदादो भागात ४२ मजली हॉटेल बांधायचं क्यूबाच्या सरकारनंच ठरवलं. तो पैसा शेतीत आणि वीजकेंद्रांच्या दुरुस्तीत का गेला नाही? मालाऐवजी गरजूंना अनुदान देऊ, असं सरकारनं डिसेंबर २०२३ मध्ये जाहीर केलं. ते आधी पेन्शनवाल्यांच्या हाती पडू द्या, मग दुकानांचं कौतुक मीही करीन.