मदत हवी आहे: बर्फ वितळताना रस्त्याची ताकद मोजली, पण आकडे पटत नाहीत

मंडळी, इथे कुणी रस्तेवाले आहेत का?

मी अमेरिकेत, मिनेसोटात एका काउंटीच्या (जिल्ह्यासारख्या विभागाच्या) रस्त्यांचं काम बघतो. विदर्भात होतो तेव्हा पावसाळा ओसरला की बेंकलमन बीम (ट्रकच्या भाराखाली रस्ता किती दबतो ते मोजणारी दांडी) घेऊन हिंडायचो. मागच्या आसावर ८१७० किलो भरलेला ट्रक, डायल गेज, डांबरात भोक पाडून ग्लिसरिनमध्ये बुडवलेला थर्मामीटर. तिथे रस्ता पावसानंतर मऊ, इथे मार्च-एप्रिलमध्ये.

इथे फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर आहे. ३०० मिमीच्या तबकडीवर ४० किलोन्यूटनचा दणका, आणि रस्ता किती दबला ते ओळीने टेकवलेले सेन्सर टिपतात.

परवा सकाळी चाचणी घेतली, तर मधल्या सेन्सरचा आकडा ऑक्टोबरइतकाच. दबल्याच्या आकड्यांवरून थरांचा कडकपणा काढतो, त्या हिशेबात खालची माती जवळजवळ खडक निघाली! दुपारी त्याच जागेवरून लाकडांचा ट्रक गेला आणि भेगेतून गढूळ पाणी वर आलं. साइडपट्टीवर पाय ठेवला तर बूट रुतला.

बर्फ वितळताना रस्ता मऊ असतो म्हणून आसाला ५ टनांची मर्यादा लावलीय. साहेब म्हणतात, आकडे चांगले आहेत, ती उठवू. ट्रकवाल्यांचेही रोज फोन. मर्यादा साधारण ८ आठवड्यांची, आत्ता कुठे दुसरा चालू आहे. माझं काय चुकतंय?

खडीवाला: यंत्र बरोबर आहे, हिशेब चुकतोय. रस्ता वरून वितळतो. खडीच्या थरात पाणी सुटतं, पण खाली अजून गोठलेलं, त्यामुळे ते झिरपायला जागाच नाही. वरचा चिखल आणि खालचा दगड यांची बेरीज तुम्ही मधल्या सेन्सरवर वाचताय. मध्याचा आकडा आणि मध्यापासून ३०० मिमीवरच्या सेन्सरचा आकडा यांतला फरक बघा, वरच्या थरांचं दुखणं तिथे दिसेल. आणि सकाळी कशाला मोजता? रात्री वरचा थर पुन्हा गोठतो. शिवाय डांबर थंड म्हणजे कडक, त्यासाठी आकड्यात तापमानाची सुधारणा वेगळी.

मूळ प्रश्नकर्ता: अरे देवा, सकाळचं सुचलंच नाही! विदर्भात उन्हाआधी काम उरकायची सवय. गोठलेला थर किती खोल धरू?

खडीवाला: अंदाजाने धरू नका. जवळ फ्रॉस्ट ट्यूब (जमीन किती खोल गोठलीय ते दाखवणारी, रंगीत पाण्याची नळी) पुरलेली असेल तर नळी उपसून बघा, निळं पाणी गोठतं तिथे रंग उडतो. हिशेबात तेवढ्या खोलीवर वेगळा कडक थर घाला.

मूळ प्रश्नकर्ता: ट्यूब आहे, पुलाजवळ. उद्या दुपारी दोन वाजता जातो. साहेबांना तोवर थांबवलंय.